चंदेरीचा डोंगर ४८ किलोबाइटमध्ये मावेल का?

बदलापूरच्या बेलवलीत राहणाऱ्याला डोंगर शोधायला लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात ढग फाटले की चंदेरीचा सुळका दिसतो, मलंगगडाची रांग दिसते, आणि उल्हास नदी गावाला लागूनच वाहते. आता एक प्रश्न घ्या. हाच देखावा तुम्हाला घरातल्या साध्या, मंद संगणकावर उभा करायचाय. फोटो चालणार नाही, डोंगर संगणकानेच घडवायचा. तर किमान काय काय माहीत असावं लागेल?

प्रश्न खेळातला वाटेल, पण तो गेली चाळीसेक वर्षं गांभीर्याने विचारला गेलाय. त्याचा इतिहास मला संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मोलाचा वाटतो. ‘मॉडेल चांगलं आहे’ असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, ते यात फार स्वच्छ दिसतं.

मंद म्हणजे किती मंद?

आधी त्या काळातली यंत्रं समजून घेऊ. ब्रिटनमध्ये १९८२ साली झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने त्याची पुढची आवृत्ती १९८६ पासून भारतात परवान्याने विकली. त्याची स्मृती ४८ किलोबाइट, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ आणि पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. जवळपास त्याच काळात ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून आपल्याकडच्या काही शाळांत बीबीसी मायक्रो पोचले. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट.

आता हिशोब करा. डोंगर साठवायची सोपी रीत म्हणजे जमिनीवर चौकोनी जाळी कल्पायची आणि प्रत्येक छेदबिंदूची उंची लिहून ठेवायची. १२९ गुणिले १२९ ची जाळी घेतली तर १६,६४१ बिंदू होतात. एका उंचीला एक बाइट धरला तर साधारण १६ किलोबाइट लागतात, म्हणजे मावलं. जाळी दुप्पट बारीक करा: २५७ गुणिले २५७ म्हणजे ६६,०४९ बिंदू. संपलं, आता मावत नाही. पडदा आणि प्रोग्रॅम यांनाही त्याच स्मृतीत जागा लागते, हे आणखी वेगळं.

म्हणून त्या काळच्या लोकांनी उलटा विचार केला. डोंगर साठवायचाच नाही, डोंगर बनवण्याचा *नियम* साठवायचा. १९८४ च्या ‘लॉर्ड्स ऑफ मिडनाइट’ या खेळात माइक सिंगलटन यांनी ४,००० ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणाहून आठ दिशा, अशी ३२,००० दृश्यं ४८ किलोबाइटमध्ये बसवली. एकही दृश्य आधी काढून ठेवलेलं नव्हतं. डोंगर, झाड, किल्ला यांची मोजकी चित्रं अंतराप्रमाणे लहानमोठी करून दर वेळी देखावा नव्याने जुळवला जायचा.

नियम आला कुठून?

बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९६७ साली ‘सायन्स’मध्ये विचारलं होतं, ब्रिटनचा किनारा किती लांब आहे? त्याऐवजी आपण कोकणचा किनारा घेऊ. मोठ्या पट्टीने मोजला तर खाड्या सुटतात. पट्टी छोटी करत जा, खाड्यांमधल्या खाड्या सापडत जातात आणि लांबी वाढतच जाते. मोठ्या आकारातला खडबडीतपणा लहान आकारातही तसाच भेटतो. अशा आकारांना त्यांनी पुढे ‘फ्रॅक्टल’ नाव दिलं.

बोइंग कंपनीत काम करणाऱ्या लॉरेन कार्पेंटर यांना विमानांच्या चित्रांमागे डोंगर हवे होते. मँडेलब्रॉ यांचं लेखन वाचून त्यांनी एक सोपी युक्ती वापरली. वहीत करून बघा: दोन बिंदू घ्या, त्यांच्या उंचींची सरासरी काढा, तिच्यात थोडी यदृच्छेने वाढ किंवा घट करा आणि ती मधल्या बिंदूला द्या. आता दोन तुकडे झाले. प्रत्येकाला तेच करा, फक्त वाढ-घटीचा आवाका दर वेळी कमी ठेवा. सात वेळा केलंत की १२९ बिंदूंची डोंगररेषा तयार! आवाका झपाट्याने कमी केलात तर गुळगुळीत टेकडी मिळते, सावकाश केलात तर काटेरी सुळके.

१९८० साली ‘सिग्राफ’ परिषदेत कार्पेंटर यांनी ‘व्हॉल लिब्र’ ही दोन मिनिटांची फिल्म दाखवली, डोंगरांवरून केलेलं उड्डाण. एकेक चौकट काढायला व्हॅक्स संगणकाला २० ते ४० मिनिटं लागली होती. त्यानंतर ते लुकासफिल्ममध्ये गेले. तिथल्या ‘रेस्क्यू ऑन फ्रॅक्टलस’ या खेळात, पावणेदोन मेगाहर्ट्झच्या घरगुती अटारीवर, हेच डोंगर खेळणाऱ्यासमोर हलू लागले.

वाद इथे सुरू होतो

१९८२ साली फूर्निये, फसेल आणि कार्पेंटर यांचा निबंध ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये आला. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात मँडेलब्रॉ यांनी आक्षेप नोंदवला. थोडक्यात मुद्दा असा: या रीतीत आधी ठरलेले बिंदू पुन्हा हलत नाहीत, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे बिंदू गणिताच्या दृष्टीने सारखे राहत नाहीत. त्याचा माग चित्रात दिसतो. गॅव्हिन मिलर यांनी १९८६ मध्ये डोंगरावर उमटणाऱ्या या घड्यांवर पुन्हा बोट ठेवलं आणि दुसरी रीत सुचवली.

बरोबर कोण? दोघंही. कार्पेंटर यांचा प्रश्न होता, कमी वेळात डोळ्याला पटणारा डोंगर कसा काढू? मँडेलब्रॉ यांचा प्रश्न होता, हा आकार गणिती व्याख्येत बसतो का? साहित्याचा आढावा लिहिताना अशी जोडी भेटली की ‘अमुक यांनी तमुक यांचं खंडन केलं’ असं लिहून मोकळे होऊ नका. दोघांचा प्रश्न एकच होता का, ते आधी तपासा.

तिसरा प्रश्न त्याहून अवघड निघाला: पाणी कुठे जातं? साध्या फ्रॅक्टल डोंगराचं चित्र उलटं करा, शिखरं खाली आणि दऱ्या वर. तरी ते डोंगरासारखंच दिसतं, कारण नियमाला वर-खाली कळत नाही. खऱ्या जमिनीत हे चालणार नाही. दऱ्या पाण्याने कोरलेल्या असतात, ओहोळ ओढ्याला आणि ओढा नदीला मिळतो. फ्रॅक्टल डोंगरात मात्र जागोजागी तोंड नसलेले खड्डे राहतात. केन मस्ग्रेव्ह, क्रेग कोल्ब आणि रॉबर्ट मेस यांनी १९८९ मध्ये अशा डोंगरावर आभासी पाऊस पाडून झीज घडवून दाखवली. चित्र सुधारलं, पण गणनाही वाढली.

मग आपला सह्याद्री?

आता पुन्हा चंदेरीकडे या. आपले डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचे आहेत. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दच पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून पदर किंवा माची होते. ट्रेकला जाणाऱ्याला हे पायांनी माहीत असतं: सोंडेवरून चढायचं, पदरात दम खायचा, मग पुन्हा कडा. कार्पेंटर यांच्या नियमात थर नाहीत. त्यातून निघालेला डोंगर ‘डोंगर’ म्हणून पटेल, पण चंदेरी म्हणून बेलवलीतलं शेंबडं पोरही मान्य करणार नाही.

नियमाऐवजी खऱ्या उंचीची माहिती वापरायची सोय १९९० च्या सुमारास घरगुती अमिगा संगणकावर आली होती. ‘व्हिस्टाप्रो’ या प्रोग्रॅममध्ये अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याची माहिती घालून योसेमिटीची दरी उभी करता यायची. अगदी मंगळावरचा डोंगरही. चंदेरी नाही! आपल्याकडे किनारपट्टी आणि सीमेलगतच्या तपशीलवार नकाशांवर बंधनं होती आणि उंचीची माहिती संगणकात घालण्याजोग्या रूपात सामान्य माणसाला मिळत नव्हती. संगणक मंद होता ही अडचण होतीच, पण त्यावर युक्ती निघत होती. माहितीच हाती नसेल तर कुठली युक्ती काढणार?

१९९६ मध्ये साऱ्या जगाची उंची साधारण एक किलोमीटरच्या जाळीत खुली झाली. त्यात चंदेरी म्हणजे एखादा उंचवटा. खरा बदल फेब्रुवारी २००० मध्ये झाला. ‘एन्डेव्हर’ यानाने ११ दिवसांत रडारने बहुतेक भूभाग मोजला. ९० मीटरच्या जाळीतली ही माहिती पुढच्या काही वर्षांत फुकट मिळू लागली, २०१४ पासून ३० मीटरचीही. आपल्या भागाच्या फाइलचं नाव ‘एन१९ई०७३’, म्हणजे १९ ते २० उत्तर अक्षांश आणि ७३ ते ७४ पूर्व रेखांश. ९० मीटरच्या फाइलमध्ये १,२०१ गुणिले १,२०१ बिंदू, प्रत्येकी दोन बाइट, एकूण २८,८४,८०२ बाइट. म्हणजे जुन्या दोन फ्लॉपींत बदलापूर, चंदेरी, भीमाशंकर आणि पार कळसूबाईही मावलं असतं.

आणि तरीही जपून

ही फाइल उघडून निळा रंग भरला की उल्हासचा पूर दाखवता येतो, असं वाटेल. २६ जुलै २००५ चा पूर इथे घराघरात आठवतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा असा नकाशा कुणालाही हवासाच वाटेल. पण या मोजणीचं उद्दिष्टच उंचीतली चूक १६ मीटरच्या आत ठेवायचं होतं. शिवाय रडारला बऱ्याच ठिकाणी जमीन न दिसता झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरं दिसतात. पुरात एका मीटरचा फरक म्हणजे तळमजला बुडाला की वाचला, एवढा असतो. डोंगरासाठी उत्तम असलेली ही माहिती पुराच्या प्रश्नाला पुरेशी नाही. चित्र मात्र दोन्हीकडे तितकंच खरं दिसतं, आणि ते पाहून कुणी नदीकाठी घर घेतलं तर?

४८ किलोबाइटवर काम करणाऱ्याला आपण काय सोडलं ते माहीत असायचं, कारण एकेक गोष्ट त्याने स्वतः सोडलेली असायची. आजचा लॅपटॉप तो प्रश्न विचारत नाही, म्हणून तो तुम्ही विचारायचा. तुमच्या संशोधन प्रस्तावात मॉडेल येणार असेल तर तीन ओळी जरूर लिहा: हे मॉडेल कुठल्या प्रश्नासाठी आहे, त्यातून काय वगळलंय, आणि कुठल्या प्रश्नाला ते वापरू नये. मुलाखतीत मार्गदर्शक बहुधा तिसऱ्या ओळीवरच थांबतील. तिचं उत्तर तयार ठेवा.