परतीची वाट

पंढरीला जाणं पायी. त्याचे मुक्काम, विसावे वहीत आहेत. येण्याचं मात्र कुणी लिहिलं नाही, ते इथं नोंदवतो.

बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, आणि १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली. म्हणजे आमची दिंडी निघाली तेव्हा पंढरीत गाडी होतीच. पण रूळ अडीच फुटी. पुण्याकडं यायचं तर कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी धरायची. छोटीला उशीर झाला की मोठी चुकली, मग पडशी उशाला घेऊन रात्र फलाटावर. म्हणून म्हातारी माणसं आधी मोजायची, मग गाडीत चढायचं, असा दंडक पडला. परतीचं भाडं निघतानाच विणेकऱ्याकडं जमा. जवळ ठेवलं की चंद्रभागेच्या वाळवंटात ते कुठं जातं, हे सगळ्यांनाच ठाऊक!

खरा पेच वेळेचा. पाऊस लांबला की पेरणी अडलेली. काल्याला पौर्णिमेपर्यंत थांबावं, की बारस सोडून गाडी गाठावी? यावरून दिंडीत दरसाल बोलाचाली व्हायची. शेवटी ठरलं: ज्याचं रान पडून आहे त्यानं जावं, विणा काल्यापर्यंत राहील. आम्हाला हा निवाडा रास्त वाटतो.

१ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढं आषाढीच्या जादा गाड्या आल्या, रूळही रुंद झाले. कुर्डुवाडीची धावपळ सरली. माणसं मोजणं मात्र अजून चालू आहे, आणि विणेकरी अजूनही सगळ्यांत शेवटी चढतो.