भूमिदाने व वतनपत्रे, खानदेशातील (मध्ययुगीन)

जमिनीच्या हक्काची नोंद म्हटली की आज सातबारा डोळ्यांपुढे येतो. अजिंठ्याच्या डोंगरांच्या उत्तर पायथ्याशी पहूरपासून पाटण्यापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात जुने लेख वाचताना तो साचा बाजूला ठेवावा. माती कोणाची, यापेक्षा उत्पन्न कोणी घ्यावे, हे त्यांत ठरवलेले असते. पाटणे (चाळीसगाव तालुका) येथील शके ११२८ चा (इ. स. १२०७) शिलालेख याचा सर्वांत बोलका पुरावा होय. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. त्या मठाला निकुंभवंशीय सोइदेव व हेमाडिदेव यांनी दिलेली दाने या लेखात आहेत. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. प्रशस्ती संस्कृतात आहे. देण्याघेण्याचा तपशील येताच लेख मराठीवर उतरतो. राजाची वंशावळ तेल्याला कळली नाही तरी चालत होते, दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला घालायचे हे त्याला कळणे भाग होते. बाजारातील मालावरचा हिस्सा, सुपाऱ्या, मापाई असे बारकावे येथे आहेत; जमिनीचा उल्लेख त्यामानाने ओझरता.

ताम्रपटांत चतुःसीमा काटेकोर दिलेल्या असतात, मग ती मालकीची नोंद का नव्हे, असा आक्षेप येतो. पण त्या सीमा दान कोठवर चालते ते सांगतात. गाव दान दिले म्हणून कसणारा कुणबी उठून जात नसे. वाघळीचा शके ९९१ चा (इ. स. १०६९) लेख याच परंपरेतला.

पुढे खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य आले (१३८२–१६०१) आणि सनदांची भाषा फारसी झाली.

मालकीच्या बाजूने मिराशीचा, म्हणजे वंशपरंपरागत जमीनहक्काचा, आक्षेप अधिक वजनदार आहे. मिरासदार जमीन विकू शकत असे, म्हणजे तो मालकच, असे म्हणता येईल. मात्र मराठी मुलखात या विक्रीला गावाची व गोताची साक्ष लागे. परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनी परतला तरी त्याचा दावा ऐकला जाई. वाद गोतसभेपुढे गेला की निवाड्याचा महजर होई आणि त्यावर पाटील नांगराची खूण करी, बलुतेदार आपापल्या धंद्याची. विकत घेणाऱ्याचा हक्क या खुणांवर उभा असे. शेताचे क्षेत्रफळ कागदात अंदाजाने घातले तरी व्यवहार अडत नव्हता.