स्प्लिट संचालन

हौशी रेडिओच्या ट्रान्सीव्हरवर एका कंप्रतेवर ऐकावयाचे आणि तिच्याहून निराळ्या कंप्रतेवर प्रक्षेपण करावयाचे, या पद्धतीस स्प्लिट संचालन म्हणतात. संचाच्या दर्शनी पाटीवरील जी बटणे नव्या परवानाधारकास बुचकळ्यात टाकतात, त्यांपैकी ए/बी, ए=बी, आरआयटी, एक्सआयटी, टीएफ-सेट ही सर्व या एकाच गरजेपोटी निर्माण झालेली आहेत, सबब त्यांचा विचार सुटासुटा न करता एकत्र करणे इष्ट होय.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळी प्रेषक आणि ग्राही ही दोन स्वतंत्र यंत्रे असत, आणि प्रेषकाची कंप्रता बहुधा त्यात बसविलेल्या क्वार्ट्‌झ स्फटिकाने ठरून गेलेली असे. त्यामुळे आपल्या स्फटिकावर ‘सीक्यू’ची हाक घालून झाली की हौशी गृहस्थ ग्राहीची तबकडी सावकाश फिरवीत, कोणी कोठून उत्तर देत आहे काय, हे पाहण्यासाठी सगळा पट्टा धुंडाळी. वेगवेगळ्या कंप्रतांवरचा हा व्यवहार तेव्हा खास कसब नव्हता, तो रोजचा शिरस्ता होता. पुढे अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स येथील कॉलिन्स कंपनीने १९५७ साली केडब्ल्यूएम-१ हा एसएसबी (सिंगल साइडबँड) ट्रान्सीव्हर बाजारात आणला. प्रेषण आणि ग्रहण या दोहोंसाठी तेच आंदोलक व तेच गाळणी-मंडल वापरल्याने असल्या संचाचे आकारमान घटले, खर्चही वाचला, आणि जेथे ऐकू येते तेथेच आपोआप बोलता येऊ लागले. मात्र या सोयीबरोबर ऐकणे आणि बोलणे एकाच मुठीला जखडले गेले, आणि त्यानंतरच्या संचांतील कित्येक प्रगत सोयी म्हणजे ही जखड गरजेपुरती सैल करण्याची तजवीज होय.

त्यांतली सर्वांत लहान सोय आरआयटी. एसएसबीवर कंप्रता शंभरएक हर्ट्‌झने चुकली तरी बोलणाऱ्याचा आवाज बदकासारखा ऐकू येतो. अशा वेळी श्रोत्याने मुख्य मूठ फिरवून तो दुरुस्त केला की त्याचे स्वतःचे प्रक्षेपणही तेवढेच सरकते, मग समोरचाही आपली मूठ फिरवतो, आणि दोघे एकमेकांचा पाठलाग करीत पट्टाभर भटकतात. आरआयटीने केवळ ग्रहणाची कंप्रता हलते, प्रेषण जागचे ढळत नाही. याच्या उलट काम एक्सआयटीचे. यासू कंपनीच्या संचांवर याच आरआयटीस ‘क्लॅरिफायर’ असे नाव आढळते. काम झाल्यावर हे बटण बंद करावयाचे राहून गेले, तर पुढच्या संभाषणात आपण भलतीकडेच ऐकत राहतो, आणि संच बिघडल्याची तक्रार उगीच सुरू होते.

अंतर काही किलोहर्ट्‌झांचे हवे असेल तर दोन व्हीएफओ, म्हणजे कंप्रता बदलता येणारे आंदोलक, लागतात. एखाद्या दुर्मीळ बेटावरचे केंद्र हवेत आले की शेकडो केंद्रे त्यास एकदम हाका घालतात, आणि त्या त्याच्याच कंप्रतेवर पडल्या तर त्याचा दुबळा संदेश खुद्द हाका घालणाऱ्यांनाच ऐकू येत नाही. म्हणून ते केंद्र ‘अप’ असे सांगून वरच्या बाजूस ऐकते, मोर्सवर बहुधा १ ते २ आणि एसएसबीवर ५ ते १० किलोहर्ट्‌झ वर. समजा, ते १४,१९५ किलोहर्ट्‌झवर बोलत आहे. प्रथम व्हीएफओ-ए त्यावर लावावा; ए=बी दाबून तीच कंप्रता व तीच प्रक्षेपणपद्धती दुसऱ्या व्हीएफओत उतरवावी; मग ए/बी दाबून बी-वर जाऊन तो १४,२०२ वर न्यावा, परत ए-वर यावे आणि स्प्लिटचे बटण दाबावे. मायक्रोफोनची कळ दाबताच पडद्यावरचा आकडा १४,२०२ वर उडी घेतो की नाही, एवढे पाहून मगच हाक घालावी. केनवुडच्या अनेक संचांवरील टीएफ-सेट हे बटण दाबून धरले असता प्रेषणाच्या जागी काय चालले आहे ते ऐकता येते. जाणता हौशी त्याचा उपयोग ओरडण्याआधी टेहळणीसाठी करतो, नुकतेच उत्तर मिळालेले केंद्र नेमके कोठे होते ते हुडकतो, आणि पलीकडचा चालक कोणत्या दिशेने सरकत आहे हे ताडून त्याच्या किंचित पुढे जाऊन थांबतो. दुप्पट शक्तीच्या प्रवर्धकापेक्षा ही युक्ती अधिक फलदायी असते, असे म्हणण्यास हरकत नाही. उलटपक्षी, आपल्या सोयीसाठी वीस-पंचवीस किलोहर्ट्‌झ अडवून बसणाऱ्या दुर्मीळ केंद्राचे वर्तन शिष्टसंमत मानता येणार नाही.

स्प्लिट कधीकधी कायद्यानेच भाग पाडले आहे. ४० मीटरच्या पट्ट्यात युरोपीय हौशींची हद्द ७,१०० किलोहर्ट्‌झला संपे, तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ध्वनिप्रक्षेपणाची मुभा ७,१५० पासून, आणि २००६ नंतर ७,१२५ पासून, वर होती. सबब दोघांना बोलावयाचे तर प्रत्येकाने आपल्या हद्दीत बोलून दुसऱ्याच्या हद्दीत ऐकणे एवढाच मार्ग उरे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेचा निर्णय २९ मार्च २००९ पासून अंमलात आला आणि युरोपाचा पहिला व भारत ज्यात मोडतो तो तिसरा, या दोन्ही विभागांस ७,२०० पर्यंतचा पट्टा मिळाला, तेव्हा ही अडचण दूर झाली.

आलेला संदेश दुसऱ्या कंप्रतेवर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या रिपीटरच्या वापरातही तत्त्व हेच. दोन मीटरवर ६०० किलोहर्ट्‌झचे ठरीव अंतर संच स्वतःच राखतो. आपत्कालीन संदेशजालात मात्र स्प्लिट सहसा टाळावे, कारण तेथे प्रत्येकास प्रत्येकाचे ऐकू येणे अगत्याचे असते.

उपग्रहांसाठी ही विभागणी दोन निरनिराळ्या पट्ट्यांपर्यंत जाते. इस्रोने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला हॅमसॅट हा हौशी उपग्रह ४३५ मेगाहर्ट्‌झवर ऐकून १४५ मेगाहर्ट्‌झवर उत्तर देई, आणि त्याचा प्रेषानुवर्तक (ट्रान्स्पाँडर) व्यस्त स्वरूपाचा असल्याने खालून लोअर साइडबँडवर पाठविलेला आवाज वरून अपर साइडबँडवर परते. पाठविण्याची कंप्रता चढवली की परतणारी उतरे. त्यात उपग्रहाच्या वेगामुळे डॉप्लर परिणामाने कंप्रता क्षणोक्षणी सरके, ती निराळीच. केनवुड टीएस-२००० सारख्या संचांत दोन्ही कंप्रता एकाच मुठीने परस्परविरुद्ध दिशांनी सरकविण्याची व्यवस्था असते ती यासाठी. हॅमसॅटचे कार्य २०१४ मध्ये संपुष्टात आले. व्यस्त प्रेषानुवर्तक असलेल्या इतर हौशी उपग्रहांसाठी ती व्यवस्था आजही वापरात आहे.