रत्नागिरी आणि मंडाले
रत्नागिरीस गेलात म्हणजे रत्नदुर्गावरून समुद्र पाहालच. ते कुणी सांगायला नको. पण मुलांची सहल नेणाऱ्या गुरुजींना एक विनंती आहे. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर आणि थिबा राजवाडा ही दोन ठिकाणे एकाच दिवशी दाखवा.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, राजधानी मंडाले. १८८५ साली इंग्रजांनी त्याला गादीवरून काढले आणि पुढच्या वर्षी बायकामुलांसह रत्नागिरीस आणून ठेवले. उतरत्या छपरांचा हा तांबडा वाडा पुरा झाला १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षे राजा दुसऱ्याच बंगल्यांतून राहिला!

आणि त्याच वेळी टिळक कुठे होते? १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ त्यांनी तिथेच लिहिले. मंडालेचा राजा आमच्या गावी, आमचा पुढारी त्याच्या राजधानीत. मुलांना नकाशावर बोट ठेवून हे दाखवा. सनावळी पाठ करून घेण्याची गरज उरणार नाही.

टिळक १९१४ साली सुटून आले. थिबाला मात्र सुटका नव्हती. १९१६ साली तो इथेच वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. वाट विचारावी लागेल, पण जाऊन या.