पॉवर हाऊसच्या शेजारचे घर

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा इतिहास म्हणून मी लिहिणार ते घरातल्या दिव्याविषयी. तोही किती मोठा होता ह्यापेक्षा कुठे होता, एवढेच.

आपल्या ठाकुर्लीचे चोळे पॉवर हाऊस जी.आय.पी. रेल्वेने १९२९ साली सुरू केले. त्याआधी चार वर्षे, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्ही.टी. ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली होती. ठाकुर्लीत कोळसा जाळून वाफ, वाफेवर वीज, नि त्या विजेवर आगगाड्या. पण ती वीज रेल्वेची. माझ्या आजेसासूबाई पॉवर हाऊसपासून हाकेच्या अंतरावर राहत. उजळलेले डबे जाताना पडवीतून पाहत आणि आत येऊन चिमणीची काजळी पुसत.

मात्र त्यांची चिमणी हवी तिथे नेता येई. चुलीपाशी कोनाडा, जात्याच्या वर भिंतीत देवळी, देवापाशी समई, गोठ्यात जायला कंदील. जिथे काम, तिथे दिवा. कंदिलाची काच रोज राखेने घासावी लागे, ते वेगळेच!

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, १९६२ साली कोयनेची वीज निघू लागली. सासूबाई १९७२ साली लग्न होऊन आल्या त्या डोंबिवलीच्या चाळीत. घरमालकाने दोन खोल्यांत मिळून एकच दिवा दिलेला, साठ वॅटचा, बाहेरच्या खोलीच्या बरोबर मध्यावर. स्वयंपाकाला दारातून येईल तेवढा उजेड. स्टोव्हकडे तोंड केले की दिवा पाठीमागे आणि आपलीच सावली परातीत. वीस वर्षे त्यांनी असे तांदूळ निवडले. पानात खडा आला की बोलणी खावी लागत. दिसले नाही म्हणावयाची सोय नव्हती. घरात वीज होती ना!

मी आले तेव्हा दिव्याची ट्यूब झाली होती, पण जागा तीच. मग २००५च्या सुमाराचे भारनियमन आले. एका संध्याकाळी वीज गेली म्हणून मी बॅटरीचा दिवा विळीशेजारी ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज कोथिंबीर नीट दिसते आहे."

नव्या घरात वायरमनला बोलावण्याआधी आम्ही दोघी प्रत्येक कामाच्या जागी बसून, सावली कुठे पडते ते पाहिले. ओट्यावरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावली. मुलगी उजव्या हाताने लिहिते, म्हणून तिच्या टेबलाचा दिवा डावीकडे. बैठकीत पिवळसर उजेड, तोही भिंतीवर पडेल असा; खोली मोठी दिसते आणि पाहुण्यांच्या डोळ्यांवर येत नाही. वायरमन "मध्ये एक ठेवा की," म्हणत होता. ठेवला, केर काढायला बरा. हल्ली ९ वॅटचा एलईडी जुन्या साठ वॅटइतका उजेड देतो, त्यामुळे चार दिव्यांनीही बिल वाढले नाही.

तांदूळ आता निवडलेलेच येतात. तरी सासूबाई संध्याकाळी ओट्यापाशी परात घेऊन बसतात.