आतड्याची पिशवी

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा धरला म्हणजे फळ संत्र्याचें येतें; पण मुळें जंबेरीचींच राहतात व आपल्या स्वभावाप्रमाणें जमिनींतील रस शोषितात. एकाकडून दुसऱ्याचें काम करवून घेण्याची हीच युक्ति शस्त्रवैद्यांनीं मनुष्यदेहांत करून पाहिली, आणि तेथेंही मूळ स्वभाव गेला नाहीं.

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूंत शिरला म्हणजे बहुधा तो अवयवच काढून टाकावा लागतो. हें धाडस १८८७ सालीं कोलोनच्या बार्डेनहॉयरनें प्रथम केलें. रोगी दोन आठवड्यांतच दगावला. कापणें साधलें होतें, पण मूत्रपिंडांतून अखंड ठिबकणारें मूत्र न्यावें कोठें? पुढें कित्येक वर्षें मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्यांत सोडीत. कपडे कोरडे राहत, परंतु मळांतील जंतु मूत्रपिंडांपर्यंत चढत, आणि आतडें मूत्रांतील क्षार परत शोषून रक्तांतील आम्लता वाढवी. १९४१ सालीं मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां ब्रिकरची युक्ति अद्याप नऊ वर्षें दूर होती. या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९५० सालीं लहान आतड्याच्या तुकड्यास मूत्रवाहिन्या जोडून त्याचें तोंड पोटावर आणलें व बाहेर पिशवी लाविली. रीत बरीच सुरक्षित ठरली. पण ती पिशवी घेऊन पंक्तीस बसणें, प्रवासास जाणें अनेकांना जड जाई.

पिशवी आंतच शिवावी ही कल्पना जुनी. बोलोन्यांत तिझोनी व पोज्जी यांनीं १८८८ सालींच कुत्र्यावर तसा प्रयोग केला होता. फ्रान्समध्यें कामे यानें १९५८ पासून आतड्याची नळी न चिरतां मूत्रमार्गास जोडली. परंतु नळी आकुंचन पावे आणि मूत्र अवेळीं बाहेर ढकली. स्वीडनच्या कॉकनें आतडें उभें चिरून, दुमडून शिवण्याची रीत रूढ केली. त्यामुळें आकुंचनाच्या लाटा मोडतात, तेवढ्याच आतड्यांत सुमारें दुप्पट मावतें, आणि दाब उतरतो. उल्मच्या हाउटमाननें व बर्नच्या श्टूडरनें १९८० नंतरच्या दशकांत अशी पिशवी रोग्याच्या स्वतःच्या मूत्रमार्गास जोडली.

श्टूडरच्या २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ४८२ रुग्णांच्या वृत्तान्तांत दिवसा कोरडे राहणारे ९२ टक्के होते, रात्रीं ७९. हा फरक सहज समजण्याजोगा आहे. पिशवी भरल्याची हांक मेंदूस पूर्वीसारखी पोंचत नाहीं, म्हणून झोपेंत सैल पडलेली गांठ वेळीं आवळली जात नाहीं. शिवाय मूत्र घट्ट झालें कीं आतडें शरीरांतील पाणी आंत सोडतें. तें बुळबुळीत स्रावही करीत राहतें. आणि लहान आतड्याचें शेवटचें टोंक खर्ची पडलें, तर बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव होते. कांहीं रुग्णांची, विशेषतः स्त्रियांची, पिशवी पुरती रिकामी होत नाहीं व त्यांना नळी घालून मूत्र काढावें लागतें. ज्यांचीं मूत्रपिंडें आधींच दुबळीं, त्यांना हा मार्ग मोकळा नाहीं.

‘सर्व पूर्ववत् होईल’ असें सांगणारा वैद्य रोग्यावर अन्यायच करतो. येथें वयस्क माणसास लघवी करणें नव्यानें शिकावें लागतें. आरंभीं दर दोन तासांनीं, मग तीन, मग चार. तळाचे स्नायु सैल सोडून, पोटानें हलकेंच दाबून. पिशवी हळूहळू ताणून अर्ध्या लिटरपर्यंत घेऊं लागते. तोंपर्यंत, आणि पुष्कळांना त्यानंतरही, रात्रीं उशाशीं गजराचें घड्याळ ठेवावें लागतें.