दोन गोळ्यांचं भांडण

इतिहास शिकवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. लढाया, तह आणि सनावळ्या. औषधांनाही इतिहास असतो, हे मात्र निवृत्तीनंतरच्या वाचनात कळलं. त्यातलीच एक हकिकत आज सांगतो.

१९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनने थैमान घातलं होतं. व्यसनी म्हणजे गुन्हेगार, टाका तुरुंगात, असं तेव्हा बहुतेकांचं मत. रॉकफेलर संस्थेतले डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मरी निस्वांडर यांनी निराळा विचार केला. हा आजार आहे, तर मधुमेह्याला रोज इन्सुलिन देतात तसं यालाही रोज औषध का देऊ नये? ते औषध म्हणजे मेथाडोन. योग्य मात्रेत दिलं की तलफ थांबते आणि नशाही चढत नाही. १९६५ मध्ये त्यांनी २२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. माणसं पुन्हा कामाधंद्याला लागत होती.

पण व्यसनाने खंगलेल्या शरीरात क्षय सहज शिरतो. १९७१ मध्ये अमेरिकेत क्षयावर रिफाम्पिसिन हे नवं, प्रभावी औषध मंजूर झालं. मेथाडोन घेणाऱ्या क्षयरोग्यांनाही ते मिळू लागलं. आणि व्यवस्थित सावरलेली ही माणसं घामाघूम होऊ लागली. नाक गळतंय, अंग मोडून येतंय, झोप नाही. मेथाडोनची मात्रा तर तीच होती!

आता विचार करा, अशा माणसाच्या तक्रारीवर कोण विश्वास ठेवणार? जास्त औषध उकळायचं नाटक, असंच कुणालाही वाटेल. परीक्षेच्या दिवशी पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलाकडे आम्ही मास्तर लोक ज्या नजरेने बघायचो, तीच ही नजर.

डोल यांच्याच सहकारी डॉ. मेरी जीन क्रीक यांनी मात्र त्या तक्रारी तपासून पाहिल्या. १९७६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. दोन्ही औषधं घेणाऱ्या ३० जणांपैकी २१ जणांना हा त्रास झाला होता. त्रास होणाऱ्या सहा जणांचं रक्त तपासलं, तर रिफाम्पिसिनमुळे मेथाडोनचं प्रमाण ३३ ते ६८ टक्क्यांनी घटलेलं. रिफाम्पिसिन यकृताला जास्त कामाला लावतं, आणि यकृत मेथाडोनचा लवकर निकाल लावतं. रुग्ण खरंच बोलत होते!

यातली मेख बघा. त्रास असह्य झालेला माणूस एक तर क्षयाच्या गोळ्या सोडतो, नाहीतर पुन्हा हेरॉइनकडे वळतो. पहिल्यात क्षय औषधांना दाद देईनासा होण्याची भीती, दुसऱ्यात सगळी मेहनत पाण्यात. उपाय साधा आहे : डॉक्टरांनी लक्ष ठेवून मेथाडोन वाढवायचं आणि रिफाम्पिसिन बंद झालं की पुन्हा बेताने कमी करायचं. हे दुसरं विसरलं, तर वाढलेली मात्रा श्वासावर येऊ शकते.

आपल्याकडे क्षय घरोघरी माहीत आहे, आणि रिफाम्पिसिन त्याच्या नेहमीच्या उपचारात असतंच. आपल्याकडे व्यसनमुक्तीसाठी दिलं जाणारं बुप्रेनॉर्फिनही त्यामुळे कमी पडू शकतं. म्हणून अशा माणसाने दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्हीकडच्या गोळ्या दाखवाव्यात. पण लाजेपोटी एक चिठ्ठी खिशातच राहते. ती बाहेर काढण्याचा धीर त्याला यावा, एवढं तरी आपण आजूबाजूच्यांनी करायला हवं.